थंडीपेक्षा ओल वाईट : बर्फाच्या देशात जाणाऱ्यांचे प्रश्न

कॅनडा-अमेरिकेतल्या हिवाळ्याविषयी ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांकडून गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. कुणाचा मुलगा शिकायला निघालाय, कुणी नातवंडाच्या ओढीने चाललंय, कुणी तिथे संसार थाटून बसलंय. पत्रं वेगळी, पण बहुतेकांच्या अडचणीचं मूळ एकच निघालं : पाणी. घामाचं, वाफेचं, वितळून पुन्हा गोठलेलं. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी चढताना पाहिलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये.

मुलगा जानेवारीत कॅनडात विनिपेगला शिकायला चाललाय. दोन थर्मल, आजीने विणलेला स्वेटर आणि लेदर जॅकेट घेतलंय. एवढं पुरेल का? (नौपाडा, ठाणे)

स्वेटर न्या, थर्मलचं लेबल वाचा, लेदर जॅकेट घरीच ठेवा.

विनिपेगला जानेवारीत रात्रीचं तापमान साधारण उणे २० च्या आसपास असतं आणि वाराही असतो. तिथे एक जाड कपडा उपयोगाचा नाही, तीन थर लागतात. अंगालगतच्या थराचं काम ऊब देणं नव्हे, घाम कातडीपासून दूर नेणं हे आहे. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारे बरेच थर्मल सुती किंवा सूतमिश्रित असतात. महाबळेश्वरला ते झकास. पण बस पकडायला पळून घाम आला की सूत तो धरून ठेवतं, आणि पाण्यातून उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने निघून जाते. म्हणून लेबलवर मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर हवं. जीन्सचंही तेच, ती सुतीच. जीन्सच घालायची असेल तर आत थर्मलची पँट हवी.

मधला थर हवा अडकवून ठेवण्यासाठी. आजीचा स्वेटर खऱ्या लोकरीचा असेल तर याहून चांगलं काही नाही, कारण लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब देते. अ‍ॅक्रिलिकचा असेल तरी चालेल, फक्त त्यातून वारा आरपार जातो. तो अडवण्यासाठी तिसरा थर : कमरेच्या खाली येणारं, टोपी असलेलं, पिसांचं किंवा कृत्रिम भरणाचं जॅकेट. हे तिथेच घ्यावं. घेताना स्वेटर अंगात ठेवूनच मापाला घाला, नाहीतर घट्ट बसतं आणि आतली हवा दबून ऊब जाते. उतरल्या दिवसापुरतं जे काही इथून नेताय ते हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन केलेली बॅग मागे राहिली तर विमानतळाबाहेर माणूस उघडा पडतो.

बूट घेताना जाड मोजा घालून पुढे अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे. 'दोन मोजे घालतो' हा आपला आवडता उपाय उलटा पडतो : पाय आवळला जातो, रक्त कमी पोचतं, बोटं आधी बधिर होतात. एकच लोकरीचा मोजा बरा. हातांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मोजे जास्त ऊबदार. फोन वापरायचा तर आत पातळ मोजे घालावेत.

आणि एक सवय लावावी लागेल. घरातून निघताना पहिली पाच मिनिटं थोडं गार वाटलंच पाहिजे. दारातच छान ऊब वाटली तर दहा मिनिटांनी घाम येणार. चढावर किंवा बसमध्ये शिरताना जॅकेटची चेन आधी उघडायची, घाम आल्यावर नव्हे.

मोबाइलवर तापमान उणे २० आणि 'वाटतं उणे ३३' असं दिसतं. खरं कुठलं धरायचं? (वाशी)

दोन्ही खरी, कामं वेगळी. अंगाभोवती हवेचा एक पातळ गरम थर असतो आणि वारा तो सतत उडवून नेतो. उणे २० ला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीची उष्णता वारा नसतानाच्या उणे ३३ इतक्या वेगाने जाते. कपडे ठरवताना दुसरा आकडा बघा. गाडी, नळ, पाइप यांच्यासाठी पहिला, कारण निर्जीव वस्तू वाऱ्याने लवकर गार होते, पण हवेच्या तापमानाखाली जात नाही.

'वाटतं'चा आकडा उणे २८ ते उणे ३९ मध्ये असला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, आणि उणे ४० च्या पलीकडे ५ ते १० मिनिटांत. नाकाचा शेंडा, कानाची पाळी, गाल आणि बोटं सगळ्यात आधी. गोऱ्या कातडीवर पांढुरका डाग लगेच दिसतो, आपल्या रंगावर तो फिकट, करडा किंवा मेणासारखा दिसतो आणि नजरेतून निसटतो. त्यामुळे रंगापेक्षा बधिरपणा ही खूण धरा : दुखत असलेलं बोट अचानक दुखायचं थांबलं तर बरं वाटून घेऊ नका.

अशा वेळी चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही, कारण पेशींतले बर्फाचे कण आजूबाजूचं मांस फाडतात. हीटरपुढेही हात धरायचा नाही, बधिर हाताला भाजलेलं कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, म्हणजे बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतक्या कोमट पाण्यात, अर्धा तासपर्यंत बुडवा. संवेदना परत येताना सणसणून दुखेल. फोड आले, भाग कडक राहिला किंवा संवेदना आलीच नाही तर थेट रुग्णालय. पुन्हा थंडीत जावं लागणार असेल तर मध्येच गरम करू नका, दुसऱ्यांदा गोठण्याने जास्त नुकसान होतं.

मुलगी टोरांटोत आहे. उणे १५ ला काही झालं नाही आणि उणे १ ला दोनदा घसरून पडली. असं कसं? (घणसोली)

असंच होतं. शून्याच्या आसपासचे दिवस सगळ्यात धोक्याचे. दुपारी बर्फ वितळतो, पाणी फुटपाथवर पसरतं आणि संध्याकाळी त्याचा आरशासारखा पापुद्रा होतो. त्याखालचा डांबरी रस्ता आरपार दिसतो, म्हणून डोळ्यांना तो फक्त ओला वाटतो. वर पाण्याचा थर आणि खाली बर्फ ही जोडी कोरड्या बर्फापेक्षा कितीतरी निसरडी. जुलैत सोसायटीच्या शेवाळलेल्या फरशीवरून जसं चालतो तसं चालायला सांगा : पावलं छोटी, तळवा सपाट, वजन पुढच्या पायावर, गुडघे किंचित वाकलेले. हात खिशाबाहेर. बसमधून उतरताना दांडा धरूनच पहिलं पाऊल टाकायचं, बहुतेक जण तिथेच फसतात.

बुटाचा तळ थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचा हवा, कडक प्लॅस्टिकचा नको. वरून चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात आणि उपयोगीही असतात, मात्र दुकानाच्या गुळगुळीत लादीवर तेच घसरतात. आत शिरताना काढायला विसरू नका.

दारापुढे मीठ टाकत असाल तर बर्फ खरवडून मगच टाका, नाहीतर ते वरच्या वर विरघळून वाया जातं. साधं मीठ उणे १० च्या खाली फारसं काम करत नाही. तिथे कॅल्शियम क्लोराइड घ्या, किंवा सरळ वाळू पसरा. वाळू वितळवत नाही, पण पकड देते. बुटांवर मिठाचे पांढरे ओघळ आले तर पाणी आणि पांढरं व्हिनेगर सम प्रमाणात घेऊन पुसा. तसेच ठेवले तर चामडं तडकतं.

एडमंटनला भाड्याच्या घरात राहतो. खिडक्यांतून पाणी गळतं, कपाटामागे काळी बुरशी आलीय. घरमालक म्हणतो तुम्ही स्वयंपाक फार करता. उलट मुलाच्या नाकातून कोरडेपणाने रक्त येतं! घर ओलं आहे की कोरडं? (खारघरहून आईने पाठवलेला प्रश्न)

दोन्ही, आणि कारण एकच. थंड हवेत वाफ मावत नाही. उणे २० च्या हवेत घनमीटरला जेमतेम एक ग्रॅम पाणी असतं, तर २१ अंशांच्या हवेत सुमारे १८ ग्रॅम मावतं. बाहेरची हवा घरात येऊन तापली की तिची आर्द्रता ५-६ टक्क्यांवर येते. नवी मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या नाकाला हा धक्काच. मग त्याच घरात कुकरच्या शिट्ट्या, गरम पाण्याच्या अंघोळी आणि दोरीवर वाळत टाकलेले कपडे मिळून वाफ सोडतात. कपड्यांच्या एका खेपेतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. ही वाफ सगळ्यात गार जागा शोधते : खिडकीची काच, बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटाची पाठ. तिथे तिचं पाणी होतं आणि पाण्याची बुरशी.

तेव्हा आधी आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणा, स्वस्त असतं. बाहेर शून्य असताना घरात ४० टक्क्यांपर्यंत ठीक. उणे २० ला ३० च्या वर जाऊ देऊ नका, उणे ३० ला २० टक्केच धरा. आकडा जास्त असेल तर अंघोळीनंतर बाथरूमचा पंखा २०-३० मिनिटं चालू ठेवा आणि दार बंद ठेवा. पातेल्यांवर झाकण. कपडे ड्रायरमध्ये, आणि ड्रायरची नळी खरोखर घराबाहेर जाते ना हे बघा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पडदे दिवसा उघडे ठेवा, म्हणजे खोलीची ऊब काचेपर्यंत पोचेल.

आता चुलीवरचा पंखा. भाड्याच्या घरांत बरेचदा तो हवा बाहेर फेकतच नाही, कोळशाच्या जाळीतून गाळून परत खोलीत सोडतो. अशा पंख्याने वास थोडा कमी होतो, वाफ तसूभरही नाही. ओळखायचं कसं? पंखा चालू करून बाहेरच्या भिंतीवरची झडप हलते का ते बघा. हलत नसेल तर स्वयंपाक करताना खिडकी बोटभर उघडा. पंखा फोडणीच्या पाच मिनिटं आधी लावा आणि फोडणी मागच्या शेगडीवर करा. पुढच्या शेगडीचा धूर पंख्याला चकवून थेट छतावरच्या धुराच्या अलार्मकडे जातो. अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणारे महाभाग कमी नाहीत. कृपा करून ते करू नका. लाकडी घरं फार लवकर पेटतात.

बुरशीचा लहान डाग साबणाच्या पाण्याने ओला करून पुसा, कोरडा घासलात तर कण हवेत उडतात. घरमालकाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मात्र पंखा बंद पडला असेल, किंवा दुहेरी काचेच्या मध्ये धुकं साचत असेल, तर ती दुरुस्ती त्याची. फोटोंसह लेखी कळवा.

मुलाच्या नाकात सलाइनचा फवारा दिवसातून दोन-तीनदा आणि झोपताना नाकपुडीच्या तोंडाशी पेट्रोलियम जेलीचं बोट. वारंवार रक्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. कातडीला अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम लावा. खोबरेल तेल २४ अंशांखाली गोठतं, बाटली फोडत बसण्यापेक्षा रुंद तोंडाच्या डब्यात ठेवा.

इडलीचं पीठ फुगत नाही, दही लागत नाही. काय करावं? (कोपरी, ठाणे)

ओव्हन बंद ठेवून फक्त त्यातला दिवा लावा. साध्या पिवळ्या दिव्याने आतली हवा ३० अंशांच्या आसपास जाते, हे पिठाला पुरे. दिवा एलईडी असेल तर तो तापत नाही. मग गरम पाण्याचं पातेलं आत ठेवून दर तीन-चार तासांनी बदला. एक वाटी उडदाला तीन वाट्या तांदूळ आणि चमचाभर मेथी, भांडं अर्धंच भरा. ठाण्यात रात्रभरात होणारं पीठ तिथे २० अंशांच्या ओट्यावर २४ तासांनीही निपचित पडलेलं असतं.

दह्यासाठी लिटरभर सायीचं दूध उकळून, बोट दहा सेकंद टिकेल इतकं कोमट झालं की मोठा चमचाभर विरजण. ते जिवंत जिवाणू असलेल्या साध्या दह्याचंच हवं. घटक पदार्थांत जिलेटिन किंवा स्टार्च लिहिलेला डबा नको. सहा ते आठ तास हलवू नका. दह्याला तार आली तर बहुधा ऊब कमी पडली.

आणि ओव्हनच्या बटणावर 'आत पीठ आहे' अशी चिठ्ठी चिकटवा. घरातलं कुणीतरी पिझ्झासाठी ओव्हन २०० अंशांवर लावतंच.

मी ६८, ह्या ६४. सुनेचं बाळंतपण फेब्रुवारीत, कॅनडात. मला रक्तदाब आहे. जावं का? (नेरूळ)

बाळ काही हवामान बघून येत नाही, तेव्हा जा, पण तयारीने. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून हे सांगा, दाब मोजायचं यंत्र बरोबर न्या, औषधं मूळ पट्ट्यांत आणि चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

विमा घेताना बारीक अक्षरं वाचा. सुपर व्हिसासाठी (आईवडील आणि आजी-आजोबांना दीर्घ मुक्कामासाठी मिळणारा कॅनडाचा व्हिसा) किमान एक वर्षाचा आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. अडतं ते 'स्थिर आजार' या कलमाशी. विमा सुरू होण्याआधीच्या ठरावीक काळात, बहुधा ९० किंवा १८० दिवसांत, गोळीचा डोस बदलला असेल तर त्या आजाराचा खर्च नाकारला जाऊ शकतो. म्हणून डोस बदलायचा तर तो लवकर बदलून घ्या, आणि बदललेला लपवू नका.

मुलाला मदत म्हणून बर्फ उपसायला फावडं हातात घेऊ नका. हे निक्षून सांगतोय. थंडीने आधीच आकसलेल्या रक्तवाहिन्या, हातांवरचा जोर आणि उचलताना रोखलेला श्वास हे तिन्ही एकदम हृदयावर येतं. ओला बर्फ दिसतो कापसासारखा आणि भरतो वाळूसारखा. फिरायला मॉल बरे, सकाळी तिथे पुष्कळ ज्येष्ठ फेऱ्या मारतात.

हिवाळ्यात त्या अक्षांशांवर सूर्य इतका तिरपा असतो की कातडीत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, सावळ्या कातडीत तर आणखी कमी. सत्तरीपर्यंत रोज ६०० युनिट आणि पुढे ८०० ही तिथली शिफारस आहे. दूधही ड जीवनसत्त्व घातलेलं मिळतं. इथली आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी चालू असेल तर तिच्यावर आणखी गोळ्या चढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दीड वर्षाच्या नातीला गाडीत बसवताना जाड जॅकेट घालावं ना? (ऐरोली)

नाही. मुलांच्या आसनाचे पट्टे जाड जॅकेटवरून घट्ट वाटतात, पण धडकेत जॅकेटमधली हवा दबते आणि पट्टे सैल पडून मूल निसटू शकतं. पातळ थरांत बसवा, पट्टे आवळा आणि जॅकेट उलटं करून किंवा घोंगडी वरून पांघरा. गळ्याला लोंबता मफलर नको, डोक्यावरून घालायची गळपट्टी हवी.

पहिल्यांदाच बर्फात गाडी चालवायचीय. मुख्य काय लक्षात ठेवू? (घोडबंदर रोड, ठाणे)

पुढच्या गाडीच्या डिकीला टेकून चालवायची इथली सवय विमानतळावरच सोडा. बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या कित्येक पट अंतर लागतं. हिवाळी टायर चारही चाकांना हवेत, दोनच लावले तर गाडी वळणावर फिरते. साधं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतं, म्हणून पहिल्या बर्फाची वाट न पाहता टायर बदला. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते सक्तीचे आहेत. टायरवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह बघून घ्या. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआय कमी होतो, तो थंड टायरवर मोजा.

काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी नको, उणे ४० पर्यंत न गोठणारं द्रव घाला. टपावरचा बर्फ झाडल्याशिवाय निघू नका, ब्रेक लावताच तो पुढच्या काचेवर येतो. बॅटरीची ताकद उणे १८ ला निम्म्यावर येते आणि तेव्हाच घट्ट झालेलं तेल इंजिनाला अडवतं, म्हणून जुनी बॅटरी ऑक्टोबरातच तपासा. पुलांवर सांभाळून, तिथे खालूनही थंड हवा लागते आणि रस्ता आधी गोठतो.

बर्फात अडकून पडलात तर इंजिन लावण्याआधी उतरून धुराड्याचं तोंड मोकळं करा. ते बुजलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो आणि त्याला वास नसतो. मग तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालवून ऊब घ्या, खिडकी चिमूटभर उघडी ठेवा.

डिसेंबरात महिनाभर बेलापूरला येणार आहोत. तिकडचं घर बंद करताना हीटर बंद केला तर चालेल का? विजेचं बिल फार येतं. (मिनियापोलिस)

नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फाटतो. तो फाटलेला कळतो मात्र बर्फ वितळल्यावर, घर भिजल्यावर. हीटर १५ अंशांवर (तिथल्या फॅरनहाइट आकड्यांत ५९) ठेवा. बाहेरच्या भिंतीलगतच्या बेसिनखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडा आणि आतलं पाणी संपेपर्यंत वाहू द्या, फ्लशची टाकीही रिकामी करा. घर गरम पाण्याच्या नळ्यांनी तापत असेल किंवा छताला अग्निशमनाचे फवारे असतील तर व्हॉल्व्हला हात लावण्याआधी घरमालकाला विचारा. विम्याच्या कागदात रिकामं घर किती दिवसांनी कुणी येऊन बघायला हवं ते लिहिलेलं असतं. शेजाऱ्याला किल्ली देताना तो आकडाही द्या, आणि आल्यागेल्याची तारीख लिहून ठेवायला सांगा. परत गेल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, नळांतली हवा फुसफुसून जाऊ द्या, आणि पहिला अर्धा तास घराबाहेर पडू नका.